मनावर घ्या

आमच्या मेडिकल कॉलेजबाहेरच्या टपरीवर स्कूटरच्या आरशांना पांढरे एप्रन टांगलेले दिसतात. सिगारेट ओढताना एप्रन काढून ठेवायचा, हे सीनियर आल्याआल्याच शिकवतात. कपड्याला वास लागू नये म्हणून! छातीला काय लागतं, ते कोणी बोलत नाही.

आज माझा एक वर्गमित्र टपरीवरून तसाच वॉर्डात आला. पायाचा अंगठा काळा पडलेल्या एका मामांना म्हणाला, "बिडी सोडा, नाहीतर पाय कापावा लागेल."

मामांनी हवेत वास घेतला. "सायेब, तुमची फिल्टरची दिसती."

सगळा वॉर्ड हसला. मामा मात्र लगेच गंभीर झाले. "मला सोडायचीच हाय. पर कशी, ते सांगा की."

"मनावर घ्या," असं म्हणून तो पुढच्या खाटेकडे वळला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मन म्हणजे काय गोळी आहे, पाण्याबरोबर घ्यायला? आणि मग ती ह्याने स्वतः का नाही घेतली? पण मला तरी दुसरं काय सांगता येत होतं? आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. येत नाही ते विचारावं, हे गावच्या शाळेतल्या बाईंनी शिकवलं, त्यांचे उपकार विसरणार नाही. म्हणून "विचारून येते, मामा," असं सांगून मी सरांकडे गेले.

सर हसले. "अगं, हे परीक्षेला येत नाही."

मी परतले, तेव्हा मामांनी दुखरा पाय कडेला सरकवून मला बसायला खाटेवर जागा केली होती.