पोपट तपासायला बोलावले, मालक तपासला

“पोपट निरोगी आहे का, तेवढं सांग. बाकीचं तुले काय करायचं?” गणाजी पाटील म्हणाले.

मी सालोतरी, म्हणजे घोड्याबैलांचा वैद्य. पाटलांचे गाडीबैल मी तपासतो. विलायतेतल्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस गोड लागला आणि भातकुलीकडचा हा शेतकरी अमरावतीत अडत्या होऊन बसला. बैलांना पितळी घुंगरे आली, पागोट्याला जरीकाठ आला. आता पोपट.

समोर पारधी पिंजरा घेऊन बसला होता. पोपट ठणठणीत होता. पण तसे सांगितले असते तर पाटलांनी तो लगेच घेतला असता आणि तो इथे मेला असता. म्हणून मी मालक तपासायला घेतला.

“पोपट काहून पायजे?”

“अकोल्याच्या अडत्याकडं आहे. ‘गुड मॉर्निंग’ म्हणते. विलायतेसाठी कापूस घेणारे एजंट साहेब खो खो हसते अन् सौदा तिथंच करते.”

म्हणजे पाखरू नको होते, बिनपगारी क्लार्क हवा होता.

“खायला काय घालणार?”

“सरकी! सरकी खाऊन माह्या गाई घागरभर दूध देतात. हा तर मूठभर जीव.”

सरकी म्हणजे कापसाचे बी. गुरांना मानवते, पाखरांना बाधते. पण कापसाने ज्याचे भले केले, त्याला कापूस कोणाचे वाईट करील हे पटतच नाही.

“पिंजरा कुठं टांगणार?”

“रेच्याच्या खोलीत. साहेब रुई पाहाले तिथंच येते.”

रेचा म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारे हातयंत्र. त्या खोलीत बाया दिवसभर रेचे फिरवतात. खिडकी नाही, वाऱ्याने मालकाची रुई उडते ना!

“पाटील, आधी तुमी बसा तिथं, पिंजरा टांगणार त्या खुंटीखाली. पोपटाले उठून जाता येत नाही. तुमी बी उठायचं नाही.”

“एवढंच?” पाटील ऐटीत बसले. रेचे कुरकुरू लागले. आधी शिंका, मग खोकला, मग डोळे पुसत पाटील अंगणात. मिशा पांढऱ्याफेक.

“बापा रे! इथं पाखरू जगन का?”

आतून रेचा फिरवणारी लक्ष्मीबाई तोंडावरचा पदर न काढता म्हणाली, “मालक, मंग आमी काय लोखंडाच्या आहो का?”

बाया हसल्या. हसता हसता खोकल्या.

पाटलांनी ते कानाआड केले. “सालोतरी, खिडकी पाडली तर चालन का पोपटाले?”

गेल्या हंगामापासून मी या बायांसाठी खिडकी मागत होतो. पत्रक काढले, चावडीवर वाचले. उत्तर एकच, रुई उडते.

“एक नाही, दोन पाडा. समोरासमोर. पोपटाची जात नाजूक.”

पारध्याला नंतर यायला सांगून पाटलांनी लगेच गवंडी बोलावला. खिडक्यांना पातळ कापड लावले. रुई उडाली नाही.

पारधी पुन्हा आला तेव्हा मी उरलेले सांगितले. रोज पेरू, मिरची, भिजला हरभरा. पिंजरा रोज धुवायचा. तुम्ही अकोल्याला गेलात तरी त्याच्याशी बोलायला घरचे माणूस हवे. आणि नीट पाळला तर वीस वर्षे जगतो.

“वीस वर्षं? साहेब तर पुढच्या साली बदलून जाईन!” पाटलांनी पारध्याला वाटेला लावले.

पोपट एका माळ्याने घेतला. त्याच्याकडे पेरू आहेत, तोंड न मिटणारी माणसे आहेत, साहेब कोणी येत नाही.

मी एवढेच शिकलो. पाखरू पाळण्याआधी त्याच्या खुंटीखाली बसून पाहावे. आणि वऱ्हाडात बायांसाठी खिडकी हवी असेल, तर अर्ज पोपटाच्या नावाने करावा.