चपलांजवळ ठेवलेली टोपली

मैनीबाईंची टोपली मी माझ्याच हातांनी उचलली, चर्चच्या बाहेर नेली आणि चपलांच्या रांगेशेजारी ठेवून दिली. वर रुमालाला हात पुसले. हे हात पुसणं मी बरीच वर्षं सांगताना गाळत होते. आता म्हातारी झाले. आता कशाला गाळू?

कापणीचा सण होता. धान घरात आलं की आमच्या चर्चच्या मंडळीत हा सण होतो. ज्याने त्याने आपल्या पिकातलं काही आणायचं, वेदीपुढे ठेवायचं. तांदळाची पोती, भोपळे, वालाच्या शेंगा, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना झाली की अंगणात लिलाव.

मी तिथली नवी पास्टर. पहिली बाई पास्टर. झगा इतका कडक इस्त्रीचा, की बसायचं तर आधी झग्याला विचारावं लागे. नातवंडं तेव्हाचा फोटो बघून विचारतात, आजी, तुझं पोट दुखत होतं का? नाही रे बाळांनो. आजी तेव्हा मोठी माणूस झाली होती.

मैनीबाई जंगलातल्या गावच्या. मूल गावाच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत जावं लागतं. त्यांच्या गावची थोडी घरं आमच्याच मंडळीत. सणाला ट्रॅक्टरने येत. मागे सतरंजीवर बसत. बाकं गावातल्या जुन्या घराण्यांची. तसा नियम कुणी केलेला नव्हता. तसं बसत, एवढंच. मी कधी विचारलं नाही.

त्या गावाला धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं, नावाला. खरं पीक चैतातलं. मोहफुलं. पहाटे झाडाखाली वेचायची, अंगणात वाळवायची, घरात ठेवायची, अडीअडचणीला विकायची. त्यातलीच निवडून निवडून काढलेली टोपलीभर फुलं मैनीबाईंनी चैतापासून जपली होती. मनुकांसारखी दिसत होती. ती त्यांनी थेट वेदीपुढे आणून ठेवली, तांदळाच्या पोत्याला टेकून.

वास पसरला. बाकांवरच्या माना वळल्या. सेक्रेटरीभाऊ माझ्या कानाशी आले. मंडळीचे सेक्रेटरी, राइस मिलवाले. चर्चची जागा त्यांच्या आजोबांनी दिलेली, त्यामुळे देवाचा पत्ता विचारायचा तर आधी त्यांना विचारावं लागे.

"पास्टरबाई, दारूचा माल आला देवाच्या घरात. तेवढं पाहा."

मी पाहिलं नाही. मी उचललं. बाहेर ठेवून परत आले आणि माइकवर हसत हसत म्हणाले, "देवाला चालेल तेच आणत जाऊ या." बाकं हसली. सतरंजीवर कुणी हललं नाही.

आता ऐका, ही शहाणी कुठली होती ते. मी पण मोहाखालचीच. माझी आई फुलं पडायच्या दिवसांत झाडाखालीच निजायची, जनावरं आधी येऊ नयेत म्हणून. मोह भाजून, तीळ घालून कुटायची आणि लाडू वळायची. तेच लाडू घेऊन मी मिशनच्या बोर्डिंगात गेले. मेट्रनने डबा हुंगला आणि सगळ्या मुलींसमोर उकिरड्यावर रिकामा केला. मला चूळ भरायला लावली. त्या दिवसापासून माझं नाव पडलं दारूवालीची पोर. मी रडले नाही. मी त्याहून वाईट केलं. मोह खाणं सोडलं. आईने आणला की म्हणायचे, मला पचत नाही. कुठली म्हणून कुणी विचारलं तर सांगायचे, चंद्रपूरची. चंद्रपूर जिल्हा केवढा मोठा. लपायला भरपूर जागा. नेमणुकीच्या कागदावर मात्र गाव लिहिलेलं होतं, आणि ते अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं.

पास्टर होताना आम्हाला शिकवलं होतं, नव्या मंडळीत बदल करायचा तर सबुरीने. पहिल्या वर्षी काही हलवू नका, आधी माणसं ओळखा. माझ्या डोक्यात बदल खूप होते. जंगलातल्या गावातलं कुणी चर्चच्या पंचांत घ्यायचं, बायांनी उपासनेत बायबल वाचायचं, बाकं काढून सगळ्यांनीच खाली बसायचं. सगळं पुढच्या वर्षी. तोवर पंचांच्या मीटिंगला अध्यक्ष मी आणि चहा करणारीही मी. याला मी नम्रता म्हणत होते. अख्ख्या वर्षात मी एकच वस्तू हलवली. ती टोपली.

लिलाव सुरू व्हायच्या आतच ट्रॅक्टर निघून गेला. टोपली तिथेच राहिली. मैनीबाई म्हणाल्या म्हणे, देवाले देल्लं, ते वापस नेत नसतात. मी ती पाळकघरात, म्हणजे माझ्या राहत्या घरी, आणून ठेवली. दुसरं काय करणार?

संध्याकाळी सेक्रेटरीभाऊ घरी आले. खुशीत होते. मी चहा केलाच. बशीत ओतता ओतता ते म्हणाले, "खरं सांगू बाई? तुमाले पाहून कोणी म्हणन नाई तुमी तिकडल्या म्हणून. आता तुमी आमच्यातल्याच झाल्या."

मला बरं वाटलं. सांगताना जीभ अडते, पण वाटलं. पोटात ऊब आल्यासारखं. बोर्डिंगात चूळ भरलेली पोर कधीपासून याच वाक्याची वाट बघत होती.

मग बशी खाली ठेवून ते पुढचं बोलले. जंगलातल्या लोकांची उपासना आता त्यांच्याच गावात लावून देऊ. इथून त्यांची नावं काढू. त्यांनाही जाण्या-येण्याचा त्रास नको. पंचांचं ठरल्यातच जमा आहे, फक्त त्या लोकांना सांगायचं काम माझं. "तुमी सांगसान तर ऐकतीन. तुमचेच लोक होत नं ते."

चहाचा एक कप संपायच्या आत मी त्यांच्यातली झाले, आणि माझे लोक माझे राहिले, बाहेर घालवायच्या कामापुरते. तेव्हा कळलं, मला इथे कशाला ठेवलंय. दाराशी. चपलांजवळ काय ठेवायचं ते उचलायला, आणि वर माइकवर हसायला.

ते गेल्यावर मी कपबशा विसळल्या. रात्रभर घरात मोहाचा वास.

पुढच्या रविवारी मी झगा घातला, चुंबळ केली, टोपली डोक्यावर घेतली आणि पाळकघरातून चर्चमध्ये शिरले. बाकांच्या मधून. मान ताठ, कारण डोक्यावर टोपली असली की ताठच ठेवावी लागते. त्यात शौर्य काही नाही. वेदीवर ठेवली. वेदीपुढे नाही, वेदीवर. आणि म्हणाले, "ही कापणी आहे. मी ही बाहेर टाकली, ते पाप माझं. हिच्यावर प्रार्थना होईल, मग उपासना होईल. त्या गावाची नावं इथून निघणार नाहीत. काढलीत तर पहिलं माझं काढा."

सेक्रेटरीभाऊ उठले. त्यांच्यामागे त्यांचं बाक उठलं, त्यामागे आणखी बाकं. प्रार्थनेला मोजकीच माणसं राहिली. त्यातल्या एका म्हातारीने उठून टोपलीतलं एक फूल तोंडात टाकलं आणि जागेवर जाऊन बसली.

भांडण पुढे बरंच चाललं. वरपर्यंत तक्रारी गेल्या. नावं मात्र निघाली नाहीत. काही घरं परत आली, काही आलीच नाहीत. सेक्रेटरीभाऊ आले. आता त्यांना दात नाहीत आणि मला भीड नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं. आज त्या चर्चमध्ये सणाला मोह वेदीवर असतो, जंगलातल्या गावची एक सून पंचांत आहे आणि सतरंजीवर सगळेच बसतात. कुणी कार्यक्रमाला बोलावलं की शाल देतात आणि म्हणतात, बाईंनी बदल घडवला. मी शाल परत करते आणि टोपली कुणी बाहेर टाकली तिथपासून सांगायला लागते. त्यांचे चेहरे पडतात. पडू देत. जीव आहे तोवर मी हे असंच सांगणार, माइकवरच सांगणार.

कारण त्या रविवारनंतर मी काय केलं ते ऐका. दुसऱ्याच दिवशी काळीपिवळी जीप धरली आणि मैनीबाईंच्या गावी गेले. छाती फुगलेली. वाटत होतं, आता त्या माझे हात धरतील, डोळ्यांना पदर लावतील. मी सगळं रंगवून सांगितलं, बाकं कशी उठली तेसुद्धा. मैनीबाई अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. धान पाखडणं थांबवलं नाही. माझं बोलणं संपल्यावर सूप मांडीवर ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"त्या सेक्रेटरीनं टोपली फेकली असती तं मले काई वाटलं नसतं. त्याले मोह म्हंजे दारूच माहीत हाय. तुले तं माहीत होतं नं, पोरी. आता मी नाई आणत. चैतात तू येजो. तू वेचजो, तू वाळवजो, अन् समद्यायच्या समोर तूच घेऊन जाजो. कंबर दुखन तुही, मंग माह्यासंग बोलजो."