दादाच्या गाडीतला लाल दिवा

दिल्लीतल्या आर. के. पुरममधून आम्ही निघालो तेव्हा सकाळचे सात वाजले होते, आणि निरोपाला खाली तीनच माणसं आली होती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, केंद्र सरकारच्या नोकरीत होता आणि या कॉलनीत तेवीस वर्षं राहिला. हिवाळ्यात तो अचानक गेला. आता क्वार्टर सोडायचं होतं. सामान ट्रकनं पुढे गेलं, पण गाडी वहिनींना विकायची नव्हती. तिला पंधरा वर्षं पुरी होत आली होती. त्यापुढे पेट्रोलची गाडी दिल्लीत चालवता येत नाही. भंगारात द्या, नाहीतर परराज्यात न्या. ती सांगलीला आणायचं काम माझ्याकडे आलं. मी निवृत्त भूगोल-मास्तर. मला नकाशा कळतो, इंजिन कळत नाही.

वहिनी शेजारी बसल्या होत्या. दादा गेल्यापासून त्या कामापुरतंच बोलत. रडणं नाही, आठवण काढणं नाही. त्यांच्या या गप्प राहण्याची घरात सगळ्यांनी धास्ती घेतली होती. वाटेत तरी त्या बोलतील, अशी मला आशा होती.

धौला कुआँ ओलांडून गुरुग्राममध्ये शिरलो. दोन्हीकडे काचेच्या इमारती, वर धुरकट आभाळ. "एवढ्या काचा पुसतं कोण?" मी मोठ्यानं विचारलं. वहिनींनी बाहेर बघितलं, एवढंच.

तिथल्याच कोंडीत समोर डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकायला लागला. ऑइलच्या किटलीचं चित्र असलेला. गाडी उभी राहिली की पेटायचा, पळायला लागली की विझायचा.

"तो खोटा आहे," वहिनी म्हणाल्या. "हे म्हणायचे, सेन्सर खराब झालाय, काही होत नाही."

माझं समाधान झालं. दादा म्हणाला की विषय संपला, हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं. विहिरीत पोहायला त्यानं ढकललं तेव्हाही 'काही होत नाही' असंच म्हणाला होता आणि खरंच काही झालं नव्हतं. मी गाडी हाकत राहिलो.

मानेसरला कारखान्यांच्या बसेस वळत होत्या, म्हणून पुन्हा खोळंबलो. आता दिवा विझेनाच.

"भाऊजी, गाडी बाजूला घ्या."

"अहो, पण दादानंच सांगितलंय ना?"

"बंद करा आधी. बघितल्याशिवाय मी पुढे येणार नाही."

गेल्या चार महिन्यांत त्या एवढ्या ठाम आवाजात पहिल्यांदाच बोलल्या. मी निमूटपणे चावी फिरवली. समोरच एक गॅरेज होतं. तिथल्या मिस्त्रीचं नाव सतबीर. पन्नाशीचा, पूर्वी इथल्याच एका कारखान्यात होता. त्यानं आणि मी गाडी ढकलत गॅरेजच्या दारात नेली.

त्यानं ऑइल मोजायची पट्टी काढून पुसली, पुन्हा बुडवून बघितली. ऑइल पुरेसं होतं. मग सेन्सरची वायर काढून मला चावी फिरवायला लावलं. इंजिन सुरू झालं आणि दिवा विझला.

"म्हणजे सेन्सरच ना?" मी म्हणालो.

"बाऊजी (वडीलधाऱ्याला तिकडे असं म्हणतात), बत्ती बुझाना तो आसान है. इससे कुछ पता नहीं चलता. तेल का प्रेशर नापना पड़ेगा."

इंजिन बंद करून त्यानं सेन्सर खोलला आणि त्या जागी नळीचं मीटर बसवलं. इंजिन पुन्हा सुरू केलं. मीटरच्या एका खुणेवर अंगठा ठेवून म्हणाला, "सुई इससे नीचे आई तो इंजन खोलना पड़ेगा. पहले अच्छी तरह गरम होने दीजिए. ठंडे में सब ठीक दिखता है."

आम्ही बाकड्यावर बसलो. मी गाड्यावरून छोले आणि कुलचे, म्हणजे मैद्याच्या मऊ रोट्या, आणले. वहिनींनी द्रोण हातात धरला, खाल्लं नाही.

"आदल्या दिवशी यांच्या छातीत दुखत होतं," त्या एकदम म्हणाल्या. "मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. तर म्हणाले, गॅस आहे, काही होत नाही. मी पुरता विश्वास ठेवला. फक्त मलाच माहीत होतं, भाऊजी. मी ऐकायला नको होतं."

पण हे माहीत असणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या. त्याच संध्याकाळी दादानं मला फोन केला होता. 'छाती जरा जड वाटतेय' म्हणाला, आणि वर 'काही नाही रे'. मी बरं म्हटलं आणि क्रिकेटवर बोलत बसलो. हे मी कोणाला, बायकोलासुद्धा, सांगितलं नव्हतं. त्या क्षणी बाकड्यावरही तोंड उघडलं नाही. मला लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त.

सतबीरनं हाक मारली. इंजिन चांगलं तापलं होतं, आणि काटा खुणेच्या बराच वर स्थिर होता. "प्रेशर बढ़िया है जी. सेन्सर ही गया है, अंदर से तेल छोड़ रहा है." दहा मिनिटांत त्यानं नवा सेन्सर बसवला.

"गाडीच्या बाबतीत यांचं बरोबर होतं," वहिनी म्हणाल्या, आणि बॉनेटवर हात टेकून रडल्या. सतबीर शेजारच्या पेट्रोल पंपाच्या नळावर पाणी आणायला गेला आणि बराच वेळ परतला नाही.

राजस्थानात कोटपुतलीच्या पुढे ढाब्यावर जेवायला थांबलो. थाळी आल्यावर मी त्यांना फोनचं सांगितलं. क्रिकेटसकट सगळं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अच्छा. म्हणजे तुम्हालाही माहीत होतं." मग रोटी ताटात ठेवली. "चार महिने तुम्ही मला एकटीला ठेवलंत, भाऊजी."

मी बिल देऊन गाडी काढली.

तिसऱ्या दिवशी सांगलीला पोचलो. लोक विचारतात, एवढ्या लांबून जुन्या गाडीनं त्रास नाही दिला? मी सांगतो, एक सेन्सर बदलावा लागला. वहिनींनी मला अजून माफ केलेलं नाही आणि मी माफी मागितलेलीही नाही. पण त्या आता दादाबद्दल बोलतात. कधी रडत, बरेचदा माझ्यावर रागावून. त्या बोलायला लागल्या की मी विषय बदलत नाही, आणि उठूनही जात नाही.