माफ झालेलं पेट्रोल

दादांच्या घरावरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. दादा ज्या साहेबांची गाडी चालवतात, त्यांच्याच ऑफिसात पत्रं लिहायचं काम करतो. हे काम दादांनीच मिळवून दिलं. साहित्याची पदवी घेऊन करणार काय, असं त्यांनी कधी विचारलं नाही. वहिनींनी विचारलं.

दादांनी आधी ट्रक चालवला, मग शाळेची बस, मग या साहेबांच्या गाड्या. पाय फार हलका. "निजलेल्या पोराच्या मानेखालून हात काढतो ना आपण, तसा ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा," असं ते सांगत. शिव्या मात्र ट्रकच्याच राहिल्या होत्या.

गेल्या वर्षी साहेबांनी हायब्रीड घेतली. थोडी पेट्रोलवर, थोडी बॅटरीवर चालणारी. माहितीपत्रकात लिटरला अठ्ठावीस किलोमीटर छापलं होतं. गाडी एकोणीस देत होती.

दादांनी साहेबांना कारणं सांगितली. कारखान्याच्या मोकळ्या रस्त्यावर साहेब मागून "हाण, हाण" करतात. तिथे बॅटरीचं काही चालत नाही, सगळा भार पेट्रोलवर. बाईसाहेबांच्या फेऱ्या जेमतेम कोपऱ्यापर्यंत. इंजिन तापायच्या आत गाडी बंद. शिवाय साहेब कधी खाली उतरतील याचा नेम नाही, आणि उतरले की गाडी थंडगार हवी. म्हणून दुपारभर एसी चालू. उभ्या गाडीत बॅटरी उतरली की इंजिन आपणहून सुरू होतं.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छापणारे वेडे आहेत का?"

हिशेबनीस शेजारीच उभा होता. "पेट्रोलला कधी कधी पाय फुटतात, साहेब."

चोर हा शब्द कोणी उच्चारला नाही. पार्किंगमधले ड्रायव्हर मात्र दुसऱ्या दिवसापासून दादांना टाकीशेठ म्हणू लागले. "काय टाकीशेठ, आज किती काढलं?" दादा आधी हसायचे. मग त्यांच्यात डबा खायला बसेनासे झाले.

"एक महिना अठ्ठावीस काढून दाखवा," वहिनी म्हणाल्या. "दातखीळ बसेल सगळ्यांची."

"अठ्ठावीस देवालाही निघायचं नाही."

"मग सव्वीस काढा. भाजीवाला नाही का दोन खाली येत?"

दादांनी मनावर घेतलं. पुढे रस्ता खणलाय असं सांगून ते साहेबांना घरून लवकर काढू लागले, म्हणजे हाणायला नको. सिग्नल लांबून दिसला की पाय काढून घ्यायचे. आणि थांबलेल्या गाडीत एसी बंद. काचा उघडायची सोय नव्हती, साहेबांना धुळीने शिंका येतात. सीट सोडायची परवानगी नव्हती.

एका दुपारी मी फाइल द्यायला खाली गेलो. काचेआड दादा बनियनवर बसले होते. शर्टाला घाम लागू नये म्हणून तो मागे हँगरला लावलेला. बनियन पिळून काढावं इतकं ओलं. मी काचेवर टकटक केली. त्यांनी दोन बोटं काच खाली केली.

"एसी लावा हो."

"लावतो. साहेब खुर्चीतून उठले की तू फोनची रिंग दे. ते लिफ्टने येईपर्यंत गाडी गार करतो."

"निदान बाहेर तरी या."

"बाहेर टाकीशेठ आहे. आत मी आहे." त्यांनी काच वर केली.

महिनाअखेरीला दादा कडक इस्त्रीचा शर्ट घालून केबिनमध्ये गेले. मी दाराशीच बसतो. सगळं ऐकू आलं.

हिशेबनीसाने दोनदा भागाकार केला. "सव्वीस पॉइंट दोन, साहेब."

साहेब खूश झाले. "म्हणजे देते की गाडी!"

"देते साहेब, पण त्यासाठी..."

"देते ना? मग इतके महिने कुठे जात होतं?"

मला वाटलं, दादा आता ट्रकमधली एखादी शिवी काढतील. त्यांनी नुसता घसा साफ केला.

"जाऊ दे," साहेब म्हणाले. आवाज अगदी मऊ. "संसारी माणूस आहेस. मागचं मी माफ केलं. पण इथून पुढे दर महिन्याला हाच आकडा."

"साहेबांचं मन मोठं," हिशेबनीस म्हणाला.

दादा माझ्याकडे न बघता निघून गेले. माझ्यासमोर अर्धं पत्र होतं. पुढचं वाक्य सुचेना.

संध्याकाळी वहिनी दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाले?"

"माफ केलं."

"कशाबद्दल?"

दादा बराच वेळ चपला काढत राहिले.

"सोडा ती नोकरी," वहिनी म्हणाल्या. "उद्याच्या उद्या."

"सोडली की पकडला गेला म्हणून पळाला. आणि नवा मालक माझी चौकशी कुणाकडे करणार? यांच्याचकडे."

"मग येऊ द्या पुन्हा एकोणीस."

"एकोणीस आलं की पुन्हा चोर. तोही माफ केलेला."

मी म्हणालो, "मी साहेबांना सगळं नीट लिहितो."

"लिही. छान लिहिशील. मग तुला धाकटे टाकीशेठ म्हणतील."

वहिनींना हसू आलं. त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या, त्या लवकर बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर आकडा सव्वीसच्या खाली गेलेला नाही. उन्हाळा आला तरी नाही. परवा साहेबांचे एक पाहुणे गाडीत होते. कागद सांभाळायला मी पुढे, दादांच्या शेजारी.

"आमचा ड्रायव्हर बघा," साहेब मागून सांगत होते. "सव्वीस काढतो. आधी जरा हात मारायचा. आता सुधारला."

पाहुण्यांनी वा वा केली. मी दादांकडे पाहिलं. लांबवर सिग्नल लाल झाला होता. त्यांनी अलगद पाय काढून घेतला.

काल रविवार. मी गॅलरीत उभा होतो. आमची गल्ली घराकडे उतरत येते. वरच्या टोकाला दादांची जुनी स्कूटर दिसली. मागे वहिनी, मांडीवर पिशव्या. उतार लागताच स्कूटरचा आवाज बंद झाला. दादांनी इंजिन बंद केलं होतं. दोघं आवाज न करता खाली येत होते.

वहिनींनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

"अहो, हे आपलं पेट्रोल आहे! जाळा की!"

दादा दचकले. त्यांनी स्कूटर थांबवली. किक मारली. इंजिन सुरू झालं. मग ते तितक्याच हळू, उताराच्या कडेकडेने, घरापर्यंत आले.