शेवगावच्या गाडीतलं जेरुसलेम

हसायचं नाही, ही अट आधी मान्य करा, मगच सांगतो. तो दिवस आठवला की माझं डोकं अजून तापतं. फक्त संताप नक्की कोणावर करायचा, हे त्या दिवशी जरा उशिरा कळलं, एवढंच!

साल त्र्याहत्तर. अरब आणि इस्रायलची लढाई नुकतीच थांबली होती. तिकडे तोफा थांबल्या आणि इकडे आमच्या पाथर्डीत रॉकेल मिळेनासं झालं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. आमच्या सरांनी मला नगरच्या वक्तृत्व स्पर्धेला पाठवायचं ठरवलं. विषय, अरब-इस्रायल संघर्ष!

मी महिनाभर वाचनालयात बसून जुनी वर्तमानपत्रं चाळली. कोण आधी राहत होतं, कोण नंतर आलं, कुणाला कुणी काय वचन दिलं, सगळं पाठ केलं. वाचता वाचता मी असा काही पेटलो, की घरात भाकरी वाढायला उशीर झाला तरी मला त्यात अन्याय दिसायला लागला. आई म्हणायची, "तुझ्या त्या अरबाला म्हनावं, आधी बाटलीभर राकेल दे."

मी एक मोठा नकाशाही काढला. सरहद्दीला लाल पेन्सिल. आणि भाषणाचं शेवटचं वाक्य तर असं होतं, की टाळ्या पडल्याच पाहिजेत: "बळाने बळकावलेली जागा कधीही आपली होत नसते!"

आता एसटीचं तुम्हाला सांगायला नको. गाडी लागली की खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हातात असेल ते सीटवर टाकायचं. टाकलं की जागा आपली. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण लिहिलेल्या कायद्यांपेक्षा जास्त पाळला जातो.

त्या सकाळी स्टँडवर दोन गाड्या शेजारी शेजारी लागल्या होत्या. एक नगरची, एक शेवगावची. मी दोन्हींच्या मधल्या फटीत घुसलो, नकाशा आणि भाषणाची पिशवी खिडकीतून आत टाकली आणि दाराकडे धावलो. गर्दीनं मला दोनदा गरगर फिरवलं, एकदा उचललंसुद्धा. कसाबसा नगरच्या गाडीत चढलो.

बघतो तर काय? खिडकीपाशी एक धोतरवाले म्हातारबाबा ऐसपैस बसलेले आणि मांडीवर माझी पिशवी! पिवळी, लाल बंदांची. गावातल्या कापडदुकानानं दर गिऱ्हाइकाला दिलेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ओ बाबा! ती पिशवी माझी आहे. उठा!"

"तुजी? आरं, मीच टाकली खिडकीतनं."

"मी टाकली! मी आधी टाकली!"

"म्या त्याच्याबी आधी टाकली."

बघा! महिनाभर जे वाचलं, तेच समोर बसलेलं! मी ओरडायला लागलो. निम्मी गाडी माझ्या बाजूनं, निम्मी बाबांच्या. कुणी म्हणालं, दोघं अर्धे अर्धे बसा. ते आम्हा दोघांनाही मान्य नव्हतं.

शेवटी कंडक्टर गर्दी कापत आला. "गप बसा! पिशवीत काय हाय, सांगा."

"कागद आहेत," मी म्हणालो, "जमिनीच्या भांडणाचे."

"कागदच हायेत," बाबा म्हणाले, "जमिनीच्या भांडनाचे."

कंडक्टरनं दोघांकडे पाहिलं. पिशवीत हात घातला आणि एका कागदाचं टोक वर काढलं. "नकाशा दिसतोय. लाल रेघ हाय."

"माझाच! लाल सरहद्द मी स्वतः मारलीय!"

"सरहद्दच हाय ती, पर माज्या वावराची! आज तारीख हाय माजी कोर्टात. मास्तर, नीट उघडून बघा की!"

पण मास्तरांना अजून साठ तिकिटं फाडायची होती. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, "आवो, कालेजातलं पोरगं हाय. कागद त्याचेच असनार. म्हाताऱ्याला कशाला लागतोय नकाशा?"

झालं! निकाल लागला. पिशवी माझी, सीट माझी. बाबा उठले आणि दांडीला धरून उभे राहिले. मी विजयी मुद्रेनं बसलो.

करंजीच्या घाटात प्रत्येक वळणाला बाबा माझ्यावर कलायचे आणि म्हणायचे, "पोरा, येकदा उघडून तर बघ."

मी बघितलं का? छे! उघडून बघणं म्हणजे त्यांचा संशय मान्य करणं! तत्त्वाचा प्रश्न होता. मी पिशवी छातीशी धरली, डोळे मिटले आणि मनातल्या मनात भाषण म्हणत राहिलो. "बळाने बळकावलेली जागा" तर मी चांगलं पाच-सहा वेळा घोटलं.

नगरला उतरलो आणि पळत सुटलो. मागून बाबांच्या हाका येत होत्या. म्हटलं, काय लोक असतात! दिवसाढवळ्या दुसऱ्याचं भाषण पळवायला निघालेत!

हॉलवर पोचलो तर पहिलं नाव माझंच. श्वासही घेतला नाही. पिशवीतून नकाशा काढला, न बघताच घडी उलगडून पाठीमागच्या फळ्यावर लटकवला, हातात छडी घेतली आणि श्रोत्यांकडे तोंड करून सुरू झालो. सरांनी बजावलं होतं, वक्त्यानं सारखं मागं वळून बघायचं नाही. नकाशा मीच काढलेला. कुठे काय आहे, ते मला पाठ!

"हा पाहा सुएझ कालवा!" मी छडी मारली. पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"आणि हे जेरुसलेम! ज्याच्यासाठी इतकं रक्त सांडलं!"

आता सगळा हॉल हसत होता. मला भयंकर राग आला. इतक्या गंभीर विषयावर हसतात? परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "बाळ, जरा मागे वळून वाच."

मी वळलो. छडीच्या टोकाखाली अक्षरं होती: 'विहीर, पडकी'. सुएझच्या जागी होता 'ओढा'. आणि लाल रेघेवर ठसठशीत लिहिलं होतं, 'वादातील बांध'.

पिशवीत हात घातला तर खाली कोर्टाचा कागद. आजची तारीख. वेळ, अकरा.

म्हणजे माझी पिशवी? ती शेवगावच्या गाडीत! पुढे कळलं, की ती एकटीच एक आख्खी सीट धरून शेवगावला गेली. लोक उभे राहिले, पण पिशवी टाकलेली जागा म्हणून कुणी तिथे बसलं नाही. एवढी सभ्य माणसं असतात हो आपल्याकडे!

पण त्या क्षणी मला फक्त दांडीला धरून उभे असलेले बाबा दिसत होते. स्पर्धा गेली खड्ड्यात. मी नकाशा ओढला आणि कोर्टाकडे धावत सुटलो. माझाच मला इतका संताप आला होता, की रस्त्यात सायकलवाल्यानं शिवी दिली तीसुद्धा पटली.

बाबा कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. शेजारी त्यांचे वकील घड्याळ बघत उभे. नावाचा पुकारा अजून व्हायचा होता. मी पिशवी पुढे केली. बाबांनी आधी नकाशा तपासला, मग कागद, मग सगळं वकिलांकडे दिलं. वकील तडक आत गेले.

"बाबा, चुकलो," मी म्हणालो. "माझी पिशवी दुसऱ्या गाडीत पडली होती. महिनाभर पाठ केलेलं भाषण होतं तिच्यात."

"व्हय, मला गाडीतच वाटलं हुतं तसं." ते माझ्याकडे बघत राहिले. "आन भाषन कशावर हुतं तुजं?"

खोटं बोलायचं बळ नव्हतं. "दुसऱ्याची जागा बळकावणाऱ्यांवर."

बाबांनी मान डोलावली. "मंग म्हैनाभर पाठ कशाला केलं? तुला तर येतच हुतं की!"

आणि बाकावर सरकून त्यांनी शेजारची जागा हातानं झटकली. "ये. बस."

जागा भरपूर होती. मी उभाच राहिलो.