एक बिनकामाची वस्तू

लातूरच्या आमच्या रेक्टरबाईंना कामाच्या वस्तूंचं मुळीच कौतुक नव्हतं. स्वतः त्या दिवसभर कामाला जुंपलेल्या असत, पण नवी मुलगी राहायला आली की तिला पेटी उघडायला लावून आतल्या सामानावर नजर फिरवत आणि विचारत, "हे सगळं कामाचं झालं. बिनकामाचं काय आणलंस?" याचं उत्तर मिळेपर्यंत खोलीची किल्ली मिळत नसे.

वसतिगृह हे त्या जागेला जरा मोठंच नाव झालं. बाईंच्या घराचा वरचा मजला, तीन खोल्या आणि आम्ही अकरा जणी. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी दोन वर्षं लातुरात काढायची, मोबाईल बाईंच्या बिस्किटाच्या डब्यात जमा करायचा आणि घरी बोलायचं ते रविवारी, तेही पाच मिनिटं. गाव मुलामुलींनी भरलेलं, तरी प्रत्येक जण भिंतीकडे तोंड करून एकटा बसलेला. अशा जागी मला सोडायला आबा, म्हणजे माझे वडील, हदगावहून एसटीने आले होते. बाईंचा प्रश्न ऐकून ते गडबडलेच.

"बिनकामाचं कशाला आणू ताई? पोरगी शिकायला आणली."

"मग दोन वर्षं ती जगायची कशावर, भाऊ?"

आबांनी पेटीकडे बघितलं, खिसे चाचपले. पेटीच्या कडीला त्यांनी पोळ्यातला लाल गोंडा बांधला होता. बाईंनी बोट केलं. आबा म्हणाले, "तो वळखायला बांधला. एसटीत समद्या पेट्या सारख्याच दिसतात."

"पेटी वळखून झाली न्हवं? मग आता तो बिनकामाचा. चालतंय." आणि त्यांनी किल्ली दिली.

नियम मात्र कडक होते. कॅल्क्युलेटर घेऊन आलेल्या मुलीला त्यांनी परत पाठवलं होतं. एकीने देवीची तसबीर पुढे केली, तर म्हणाल्या, "देवी काय बिनकामाची हाय का? कोनाड्यात ठेव, आणि दुसरं काहीतरी बघ." उदगीरच्या मुलीकडे किल्ली हरवलेलं एक पितळी कुलूप होतं. ते त्यांना इतकं आवडलं की आल्यागेल्याला दाखवत. तुमची बिनकामाची वस्तू कोणती, असं आम्ही विचारलं की पोळी लाटता लाटता म्हणत, "अकरा हायत. रोज दोन टाइम जेवतात."

यामागचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी घरी जाते म्हणून पेटी भरायला घेतली तेव्हा. चाचणीत मार्क घसरले होते आणि मी दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. बाई शेजारी येऊन बसल्या. लग्नाआधी त्यांना क्षय झाला होता. मुरुडहून आणून आठ महिने दवाखान्यात वेगळं ठेवलं होतं. "ताट, तांब्या, घोंगडी, गोळ्या. सगळं कामाचं. बघत बसावं असं एक न्हवतं. भिंतीपल्याड कुणाचा तरी रेडिओ होता. गाणं रंगात आलं की तो बंद करायचा. आठ महिने मी अर्धी गाणी ऐकली, बाई." मग माझ्या पेटीवरचा गोंडा नीट करत म्हणाल्या, "रविवारपर्यंत थांब. गाणी ऐक, मग जा."

रविवारी दुपारी जेवणं झाली की बाई आपला बटणांचा फोन एका छोट्या स्पीकरला जोडत. प्रत्येकीने आल्या आल्या एक गाणं सांगायचं, तेच वर्षभर वाजायचं. बदलायची सोय नाही. आणि सुरू झालेलं गाणं मध्येच बंद करायचं नाही, मग दूध उतू जावो नाहीतर दारात कोणी येवो. अकरा जणींची दहा गाणी होती. माझं नव्हतं. मला सांगताच आलं नव्हतं. आमच्या घरी कोणी गात नव्हतं, आणि दुसऱ्याचं गाणं आपलं म्हणून सांगायची मला लाज वाटली होती.

त्या रविवारी बाईंनी पुन्हा विचारलं, "घरची कुठली गोष्ट कानाला आठवते?"

मी म्हटलं, "आबा बैलाला पाणी पाजताना शीळ घालतात."

शेतकऱ्यांच्या घरात वाढलेल्यांना हे सांगायला नको. बैल हौदाला तोंड लावतो आणि धनी शेजारी उभा राहून बारीक, लांब शीळ घालतो. शीळ थांबली की आमचा हरण्या तोंड वर करायचा. बाईंनी लगेच आबांना फोन लावला आणि शीळ घालायला सांगितली. पलीकडून आबांचा अवघडलेला आवाज आला, "अशी कशी घालू ताई? समोर बैल नको का?"

बाई हसल्या नाहीत. "मग बैलापाशी जा. म्या थांबते," म्हणाल्या. आबा फोन घेऊन गोठ्यात गेले, हरण्याला सोडून हौदावर आणलं. बाईंनी ते सगळं फोनमध्ये भरून घेतलं.

पुढच्या रविवारी दहा गाण्यांनंतर माझं लागलं. आधी हौदाचा आवाज, मग आबांची शीळ आणि मध्ये मध्ये हरण्याचं घोट घेणं. मुली हसून हसून आडव्या झाल्या. मीही हसले, आणि हसता हसता रडले. त्यानंतर घरी जायचं नाव काढलं नाही. मजा अशी की पुढे ती शीळ लागली की एकेक मुलगी मुकाट्याने उठून माठाकडे जायची. लातुरात नळाचा भरवसा नव्हता, टँकरची वाट बघावी लागे. बाई कपाळाला हात लावत, "तुझ्या बापाची शीळ माझा माठ रिकामा करायलीय." पण बंद केली नाही. आम्ही गेल्यावरही नव्या मुलींना दर रविवारी ती ऐकवत राहिल्या. पोरी अभ्यासात पाणी प्यायचं विसरतात, म्हणत.

मी डॉक्टर झाले नाही. मुदखेडच्या शाळेत विज्ञान शिकवते. हरण्या म्हातारा होऊन गेला, त्याच्या जागी ट्रॅक्टर आला आणि आबांची शीळ आपोआप थांबली. गेल्या पावसाळ्यात आबाही गेले. नंतर माझ्या ध्यानात आलं की माझ्याकडे आबांचा आवाज नाही. फोटो पुष्कळ आहेत. लग्नातले, बारशातले. सगळ्यांत ते तोंड मिटून उभे आहेत. मला त्यांची शीळ हवी होती, आणि ती जगात एकाच जागी होती.

बाईंना फोन केला तर म्हणाल्या, लवकर ये, पोरगा पुण्याला घेऊन चाललाय. मी गेले तेव्हा वरच्या खोल्यांना कुलपं होती. बाई वाळल्या होत्या, पुढचे दोन दात गेले होते. पलंगावर एकच बॅग भरून ठेवली होती. मी त्यांच्याच सुरात विचारलं, "हे कामाचं झालं. बिनकामाचं काय घेतलंत?"

त्यांनी बिस्किटाचा डबा उघडून तो बटणांचा फोन माझ्या हातावर ठेवला. पाठीमागून फुगला होता. "ह्यो. पावसाळ्यात बंद पडला. तीन दुकानं फिरले, सगळे म्हणले आत काहीच राह्यलं न्हाई. आता हा खरा बिनकामाचा झाला."

मी कशासाठी आले ते तेव्हा त्यांना सांगितलं. आबा गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. फोन हातात घेऊन मी रडले. इतक्या वर्षांत एकदाही ती शीळ माझ्या फोनमध्ये घेतली नाही, याचा मला राग आला होता. बाईंनी रडू दिलं. मग पदराने तोंड पुसलं, ओठ ओले केले आणि शीळ घातली.

दातांतून वारा जात होता, पण चाल तीच होती. वर जाऊन जरा थांबायचं, मग हळू उतरायचं. इतक्या वर्षांचे रविवार त्या ती ऐकत आल्या होत्या. मी घाईघाईने माझा फोन काढला, रेकॉर्डिंग लावलं आणि त्यांच्यापुढे धरला. बाई थांबल्या. आधी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अशी कशी घालू?" म्हणाल्या. "समोर बैल नको का?"

मी उठून माठातलं पाणी तांब्यात घेतलं, फोन खिडकीत ठेवला आणि त्यांच्यासमोर फरशीवर बसून तांब्या तोंडाला लावला. बाईंनी शीळ घातली. तांब्या रिकामा होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत, आणि मीही घाई केली नाही.