पायांवरचा भार आणि हत्तरगे सर

हत्तरगे सर मला पहिल्यांदा दिसले ते हातात उंदीर धरून. मी वाशीहून बीएस्सीला नुकताच आलो होतो. सर उंदराच्या शेपटीला चिकटपट्टी लावून मागचे पाय अधांतरी राहतील असं बघत होते. शिपाई मारुतीमामा दारातूनच म्हणाले, "सर, गणपतीला कळलं तर?"

"सांगा त्यांना, तुमचंच वाहन अंतराळात धाडायची तयारी चाललीय," सर म्हणाले.

पायांवरचा भार गेला की स्नायूंतले काही जीन गप्प होतात, काही जागे होतात. अंतराळवीरांचं असं होतं. खाटेवर पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचंही असंच होतं का, हे सर उंदरांशी ताडून बघत होते. त्यासाठी ते येडशीच्या एका आजींकडं गेले तेव्हा मी सोबत होतो. मांडीचं हाड मोडून आजी पडून होत्या.

"आजी, ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर स्नायूचा तांदळाएवढा तुकडा घेतील. न्हाय म्हणलात तरी चालतंय."

"घे बाबा. पडून पडून तसं बी वायाच चाललंय."

पुढं सर दर रविवारी जाऊन त्यांचा व्यायाम करून घ्यायचे. ते कुठल्याच अहवालात नाही.

मागच्या महिन्यात कॉलेजनं सरांच्या साठीचा सत्कार केला. मांडवाच्या लायटिंगला प्लग कमी पडला, म्हणून शनिवारी कुणीतरी लॅबमधल्या डीप फ्रीझरचा काढला. सोमवारी उघडून बघितलं तर आत नुसतं पाणी. सगळे नमुने गेले. नमुना वितळला की त्यातला आरएनए तुटतो, मग जीन काय करत होते ते कधीच कळत नाही.

प्राचार्य म्हणाले, "अहो सर, परत गोठवा की. बर्फच तर हाय."

सरांनी फक्त आजींच्या नावाची कुपी बाजूला काढली. आजी दिवाळीतच गेल्या. प्लगचं खापर फोडून मारुतीमामांना मेमो द्यायचं चाललं होतं, तो मात्र सरांनी थांबवला.

सरांच्या गौरव अंकाच्या समितीनं मला सांगितलंय, लेखात हे नको, गोड लिही. पण सरांबद्दल खरं लिहायचं तर हे कसं टाळू? सर लवकरच निवृत्त होतायत, लॅबची चावी आत्ताच मागून झालीय. बाकीचे लेखक त्यांना शंभर वर्षं देतीलच. हे काम पहिल्यापासून करायला जेवढी वर्षं लागतील, तेवढी धडधाकट वर्षं सरांना मिळोत. आणि तोवर कुणी त्यांचा सत्कार करू नये.